बाळंतिणींचे गुण शून्य ते चारच येतात, तेव्हा काय तपासायचं?

नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेचा प्रश्न, थोडक्यात: "लसीकरणाच्या दिवशी आम्ही बाळंतिणींकडून एडिनबरा प्रश्नावली (प्रसूतीनंतरचं नैराश्य हेरण्यासाठीची; गुण जितके जास्त तितकी शंका जास्त) भरून घेतो. जवळजवळ सगळ्यांचे गुण शून्य ते चार येतात. डॉक्टर म्हणतात, आपल्याकडे हा प्रकार नाही, बंद करू या. पण आशाताई घरोघरचं वेगळंच सांगतात. कुठे चुकतंय? एखादी सापडलीच तर पुढे काय करायचं? गोळ्या चालू केल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागतं का? शिवाय महिला मंडळाने या विषयावर बोलायला बोलावलंय. तिथे काय सांगू?"

सिस्टर, प्रश्नावली बंद करू नका, ती भरून घेण्याची पद्धत बदला. खरं तर एवढंच उत्तर पुरे होतं. पण तुमचे चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि गरोदर व बाळंत बाया हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यांतल्या बऱ्याचजणी माझ्याकडे उशिरा पोहोचतात. त्याआधी तुमच्यासारख्या कुठल्या ना कुठल्या टेबलासमोरून त्या दोन-तीनदा तरी गेलेल्या असतात.

आधी डॉक्टरांच्या म्हणण्याबद्दल. भारतातल्या 38 अभ्यासांचा, म्हणजे सुमारे 20,000 बायांचा, एकत्रित आढावा 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. आपल्या शेजारच्या गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, 2002 मध्ये, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आढळलं. आढाव्यातले बरेच अभ्यास प्रश्नावलीवर बेतलेले आहेत, तेव्हा पक्कं निदान झालेल्या बाया त्याहून कमी निघतील, हे मान्य. तरीही वीस बाळंतिणींमागे दोन-तीनजणी कुठेच गेलेल्या नाहीत. महिनाभराच्या रजिस्टरमध्ये एकही नसेल, तर ते रजिस्टर आपल्या विचारण्याबद्दल सांगतंय.

आता गुणांकडे नीट बघू, कारण शून्य ते चार हा आकडा बराच बोलका आहे. या प्रश्नावलीत दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30, आणि विचारायचं ते गेल्या सात दिवसांबद्दल. यात एक खोच आहे. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोडला तर बाकी सातांचे गुण उलटे मोजायचे असतात. तिथे सगळ्यात वरचा पर्याय 3 गुणांचा असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या केंद्रांत हा गोंधळ फार होतो. पण तुमच्याकडे तो नसावा. तसं असतं, तर धडधाकट बाईचेही एकवीसपर्यंत गुण झाले असते. घाईघाईत सरसकट पहिल्याच चौकटीवर खुणा केल्या, तरी बरोबर मोजल्यावर एकवीसच येतात. सरसकट शेवटच्या चौकटीवर केल्या तर नऊ. म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला विचार करून, बरोबर जागी, "माझं सगळं छान आहे" अशी खूण होते आहे. हे एक तर ती बाई मुद्दाम करते आहे, नाहीतर तिच्या वतीने भरणारा माणूस करतो आहे.

दोन्ही कशामुळे होतं, ते लसीकरणाच्या टेबलापाशी अर्धा तास उभं राहिलं की दिसतं. रांग दारापर्यंत. बाळ सासूबाईंच्या किंवा नणंदेच्या हातात. ज्या बाईला लिहिता येत नाही किंवा जिचे हात रिकामे नाहीत, तिचा कागद आशाताई भरतात. प्रश्न वाचून दाखवायला वेळ नसतो, म्हणून त्या विचारतात, "सगळं बरंय ना गं? रडू-बिडू येत नाही ना?" याला सासूसमोर "येतं" म्हणणारी सून मला अजून भेटायची आहे. शिवाय आशाताई तिच्याच गल्लीतल्या. त्यांचा जिव्हाळा खरा असला, तरी गोष्ट गल्लीत फिरेल ही भीतीही खरी.

म्हणून पहिला बदल जागेचा. लस दिल्यावर अर्धा तास थांबवून घेतो, तो वेळ वापरा. पहिली दहा मिनिटं सोडा, तेव्हा बाळ टाहो फोडत असतं आणि आईचं चित्त थाऱ्यावर नसतं. बाळ अंगावर शांत झालं की आईला आत, पडद्याआड, स्तनपानाच्या कोपऱ्यात बोलवा. सोबतच्या माणसाला काहीतरी काम द्या. "आजी, तेवढं कार्ड घेऊन जा आणि पुढची तारीख लिहून आणा" हे बहुधा चालतं. आजी तारीख घेऊन येईपर्यंत तुम्हाला पाच-सात मिनिटं मिळतात, आणि दोन प्रश्नांना तेवढी पुरतात.

हो, दोनच. गर्दीच्या दिवशी दहा प्रश्नांचा आग्रह धरू नका. गेल्या महिन्याभरात मन उदास राहिलं का, पुढचं सगळं अंधारल्यासारखं वाटलं का, हा एक. पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमेनासं झालंय का, हा दुसरा. यातलं एक जरी "हो" आलं, तरी सगळी प्रश्नावली निवांत, तुम्ही स्वतः वाचून, भरून घ्या. दहा-अकराच्या पुढे गेलेल्या प्रत्येक बाईशी सविस्तर बोलायला हवं. तेरा आणि वर म्हणजे तिला तज्ज्ञाला दाखवायचंच. निरनिराळ्या भाषांतल्या अभ्यासांत हा उंबरठा थोडा वर-खाली झालेला आहे, त्यामुळे दहा की अकरा यावर कुणाशी वाद घालू नका. गुण कमी असून बाई खंगलेली दिसत असेल, तर तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

मी स्वतः मात्र या दोन प्रश्नांनीही सुरुवात करत नाही. मी झोपेचं विचारते. बाळ रात्रीचं उठतं, त्यामुळे झोपमोड सगळ्यांचीच असते, तिचा काही उपयोग नाही. विचारायचं ते हे: "बाळ झोपलं, घरात शांत झालं, की तुमचा डोळा लागतो का?" जिचा लागतो ती दमलेली आहे. जी म्हणते की बाळ झोपलं तरी मी छताकडे बघत पडते, त्याचा श्वास चालू आहे ना हे दहादा उठून बघते, तिच्याशी बोलणं लांबवा. हा प्रश्न कुणालाच अपमानाचा वाटत नाही, सासूसमोरही विचारता येतो. कधी कधी सासूच सांगते, "अहो, ही झोपतच नाही!"

आपल्याकडची बाई "मला नैराश्य आलंय" असं म्हणत येत नाही. ती डोकं भणभणतं म्हणते, छातीत धडधडतं, हातापायातलं त्राण गेलंय, पाठ धरते म्हणते. सगळ्यात जास्त वेळा म्हणते, दूध पुरत नाही. दूध कमी पडतंय ही तक्रार घरात चालते, तिला अळिवाची खीर आणि शतावरीचा डबा मिळतो. बाळाकडे बघून काहीच वाटत नाही ही तक्रार घरात चालत नाही. बाळाचं वजन नीट वाढत असूनही आई दर खेपेला "दूध नाही, दूध नाही" म्हणत असेल, तर वजनाचा तक्ता बाजूला ठेवून तिच्याकडे बघा. याला जोडून चिडचिड. आपल्या मनात नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून मुसमुसणारी बाई. प्रत्यक्षात नवऱ्यावर भांडी आदळणारी, मोठ्या मुलाला बदडणारी आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडणारी कितीतरीजणी असतात.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येणारं रडू वेगळं. ते निम्म्याहून अधिक बायांना येतं, दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं, त्याला आराम आणि धीर एवढंच औषध. "सगळ्यांनाच होतं" हे सासूबाईंचं वाक्य तेवढ्यापुरतं अगदी बरोबर आहे. दोन आठवडे उलटल्यावर ते वाक्य थांबायला हवं.

दुसरा बदल वेळेचा, आणि हा आपल्या भागात फार महत्त्वाचा. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाडी कुटुंबं घ्या. सून पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याकडे माहेरी जाते. सव्वा महिना शेकशेगडी, मालिश, डिंकाचे लाडू, आईच्या हाताखाली आराम. दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन ती इकडे परत येते. एका खोलीत पाच माणसं, नवऱ्याची कामाची पाळी, पाण्याची वेळ आणि मदतीला कुणी नाही. बरेचदा कोसळते ती इथे आल्यावर. पण सहाव्या आणि दहाव्या आठवड्याची लस गावाकडे झालेली, आशाताईंच्या बाळंतिणीच्या सहा गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपलेल्या. आपल्या केंद्रात ती पहिल्यांदा दिसते चौदाव्या आठवड्याच्या लसीला, आणि तिथे आपण समजतो की बाळंतपण आता मागे पडलं. म्हणून सहा आठवड्यांना विचारा, चौदाला विचारा, आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला पुन्हा एकदा विचारा. आशाताईंच्या तिसऱ्या महिन्यापासूनच्या बालसंगोपन भेटींतही ते झोपेचं वाक्य घालून द्या.

सुरुवात खरं तर गरोदरपणातच व्हायला हवी, कारण बाळंतपणानंतर आजारी दिसणाऱ्या बऱ्याच बायांचं दुखणं पोटुशी असतानाच लागलेलं असतं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, तिथे तीन गोष्टी विचारून कार्डाच्या कोपऱ्यात खूण करून ठेवा: आधी कधी मनाच्या आजाराची औषधं घेतली होती का, मागच्या बाळंतपणात असं काही झालं होतं का, घरात हाणामार होते का. शेवटचा प्रश्न एकटीलाच. नवऱ्याची मारहाण आणि आधीचा आजार हे दोन धोके भारतातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा येतात. मुलगी झाली म्हणून वाढणारा धोका गोव्यातही दिसला आणि त्या मोठ्या आढाव्यातही. ज्या घरात पेढ्यांऐवजी शांतता असते, तिथे आशाताईंना एक फेरी जास्त मारायला सांगा. मारहाणीचं कुणी सांगितलं तर 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिला पाठ करून द्या, कागदावर देऊ नका. तो कागद नेमका नवऱ्याच्या हाती लागतो.

आणि जी रांगेतच नसते, तिचं काय? जिचं बाळ पोटात गेलं किंवा चार दिवसांनी गेलं, तिला लसीकरणाचं कार्डच नसतं. आपली सगळी यादी बाळाच्या नावाने चालते, त्यामुळे ती यादीतून पुसली जाते. दूध तर तिलाही येतं. या बायांची वेगळी वही करा. नवजात अतिदक्षता विभागात ज्यांची बाळं आठवडे काढतात, त्यांच्या आयाही याच वहीत. माझ्या मते तुमच्या केंद्राला करता येण्याजोगं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आता सापडल्यावर काय. दहाव्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे चालढकल चालत नाही. तो स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण दोन असोत की बावीस, तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी, त्याच बैठकीत बोलायचं. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. सरळ विचारा: जगणं नकोसं वाटतं का, काही करून घ्यावं असं ठरवलंय का, कसं ठरवलंय. ठरवलं असेल तर तिला एकटीला घरी पाठवू नका. सोबतच्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचवा.

बाळाबद्दलचे विचार मात्र नीट पारखायला हवेत, इथे दोन टोकांच्या चुका होतात. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारी बाई सांगते की बाळाला घेऊन बाल्कनीकडे जायची भीती वाटते, हातून खाली पडेल असं चित्र डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी तो दरवाजाच बंद करून टाकलाय. दुसरी स्वयंपाकघरातली सुरी वर फळीवर लपवते. या बाया स्वतःच्या विचारांनी हादरलेल्या असतात, बाळाला जपण्यासाठीच ही सगळी धडपड चालू असते. असे नको असलेले विचार बाळंतपणानंतर सर्रास येतात, आणि त्यांपायी बाळाला इजा होण्याची शक्यता अगदी कमी असते. त्यांना उपचार हवेत, पण "ही बाळाला मारेल" म्हणून घरात बोंब झाली तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. याउलट जी शांतपणे सांगते की हे बाळ माझं नाहीच, बदललंय, त्याच्यात काहीतरी शिरलंय, किंवा कुणीतरी मला हुकूम देतंय, किंवा जी दोन-तीन रात्री झोपलेली नाही तरी उत्साहात बडबडते, मध्येच गोंधळते, ती वेगळ्या आजाराची. प्रसूतीनंतरचा हा तीव्र मनोविकार हजारात एखाद-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. त्याला दृष्ट काढण्यात किंवा देवऋषी शोधण्यात एक रात्रही घालवायची नाही. आई आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात भरती. लवकर उपचार झाले तर या बाया छान बऱ्या होतात.

इथे कुटुंबाला दोन भीती असतात. एक, आईला ठेवून घेतलं तर बाळ तिच्यापासून वेगळं करतील. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करायचं नाही. बाळाला धोका असेल तरच, आणि तेही पुन्हा पुन्हा आढावा घेऊन. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई-बाळांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. आपल्याकडे असे कक्ष व्हायला हवेत, आणि महापालिकांच्या अर्थसंकल्पाच्या वेळी हे कुणीतरी मागायला हवं. दुसरी भीती आपल्या गावाच्या नावाची. अख्ख्या महाराष्ट्रात "ठाण्याला पाठवू का?" हा विनोद चालतो आणि आम्ही ठाणेकर तो पिढ्यानपिढ्या ऐकतो. पण जिला प्रादेशिक मनोरुग्णालयाची चिठ्ठी हातात मिळते तिच्या घरच्यांना तो विनोद वाटत नाही, ते चिठ्ठी फाडतात. म्हणून साध्या नैराश्यासाठी आधी सर्वसाधारण रुग्णालयातला मनोविकार विभाग सुचवा: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळ किंवा कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. तिथे त्याच आवारात बाळालाही डॉक्टरांना दाखवता येतं, आणि घरच्यांना शेजारी सांगायला कारण मिळतं. मनोरुग्णालयाची ओपीडी वाईट आहे असं मुळीच नाही. पण पहिलं पाऊल पडणं महत्त्वाचं.

नुसतं "रेफर" लिहिलेल्या चिठ्ठीवर माझा विश्वास नाही. ओपीडी सकाळची, ती वेळ लोकलच्या गर्दीची, कडेवर अडीच महिन्यांचं बाळ, आणि मोठ्या रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा हे माहीत नाही. कोण जाईल? चिठ्ठीवर कुठली इमारत, कुठला मजला, कोणता वार, कुणाला भेटायचं, हे लिहा. स्वतः एकदा जाऊन ते बघून या. आणि बाई समोर असतानाच केंद्राच्या फोनवरून टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 ला, फोन लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुमच्या साक्षीने झाला की दुसरा ती स्वतः करते. एक आठवड्याने आशाताईंनी घरी जाऊन "गेलात का?" एवढं विचारायचं आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं. किती कागद भरले त्यापेक्षा मला तो शेवटचा रकाना बघायला आवडेल.

सगळ्यांनाच तज्ज्ञ लागतो असंही नाही. सौम्य आजारात बोलण्याचे उपचार पुरतात आणि ते शिकवून कुणालाही देता येतात. मनोविकारतज्ज्ञ अतीफ रहमान यांनी पाकिस्तानच्या ग्रामीण भागात, आपल्या आशांसारख्याच आरोग्यसेविकांना शिकवून घरोघर हे काम करवलं. 2008 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले: सहा महिन्यांनी या भेटी मिळालेल्या आयांपैकी 23 टक्के अजून नैराश्यात होत्या, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांपैकी 53 टक्के. पुढे गोव्यात त्याच वस्तीतल्या अनुभवी आयांना हे काम दिलं गेलं. त्यात करायचं काय, तर दिवसातली एक छोटी गोष्ट ठरवायची, ती झाली का बघायचं, बाळाशी खेळायची वेळ ठरवायची, "मी वाईट आई आहे" हे वाक्य आलं की त्यावर थांबून बोलायचं, आणि घरच्यांपैकी एकाला त्यात ओढायचं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुस्तिकाही काढली आहे. तुमच्या एक-दोन आशाताईंना यात रस असेल तर त्यांच्यापासून सुरू करा, सगळ्यांवर लादू नका.

आणि झोप. चार-पाच तासांची सलग झोप हा उपचारच आहे. रात्रीचं एक पाजणं नवऱ्याने किंवा आजीने, आधी काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावर, सांभाळायचं. नवऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे असे बघतात जणू मी त्यांना पाजायलाच बसवलंय. पण करतात. त्यांचंही एकदा विचारा, दहातला एखादा बापही या काळात नैराश्यात असतो.

औषधांआधी दोन रक्ततपासण्या: हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. देशात 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के बायांना रक्ताची कमतरता आहे, हा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचं थायरॉइड बिघडतं. दोन्हींचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो, कधी दोन्ही सोबत असतात.

गोळ्या आणि दूध. दूध तोडावं लागत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलंत तरी चालेल, कारण दूध तुटेल या भीतीने जेवढ्या बाया गोळी घेत नाहीत तेवढ्या दुसऱ्या कुठल्याही कारणाने नसतील. सर्ट्रालीन हे औषध स्तनपान चालू असताना आम्ही सगळ्यात आधी विचारात घेतो. ते दुधात फारच थोडं उतरतं आणि त्यावर पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवतो. पहिला आठवडा मळमळ, जुलाब, थोडी अस्वस्थता होऊ शकते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, आणि याच फटीत घरचे म्हणतात "औषध सोसत नाही, बंद कर." तिसऱ्या-चौथ्या दिवशी आशाताईंची एक फेरी इथे सोन्याची. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचं असतं, आणि बंद करायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळूहळू.

काही सावधगिऱ्या. मेडिकलवाल्याकडून झोपेची म्हणून अल्प्राझोलामची पट्टी आणून घेणाऱ्या बाया आहेत. त्याची सवय लागते, बाळ पेंगतं, आणि गुंगीत बाळाला कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं. आधी कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील किंवा जवळच्या नात्यात द्विध्रुवी आजाराचे (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) रुग्ण असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण नुसती नैराश्याची गोळी तिथे उलटते. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारी औषधं, चालू असलेल्या बायांबद्दल स्वतः काही सांगू नका, थेट तज्ज्ञाकडे. अमेरिकेत 2023 साली खास या आजारासाठी चौदा दिवसांची एक गोळी मंजूर झाली, तिच्या बातम्या वाचून लोक विचारतात. आपलं काम रोजच्या, स्वस्त औषधांनी भागतं.

राहिलं महिला मंडळ. तिथे बाळंतिणी नसतील, सासवा असतील, आणि ते उत्तमच. आकडे सांगू नका, आजाराची व्याख्या सांगू नका. हात वर करायला लावू नका. सव्वा महिन्याच्या प्रथेला नावं ठेवलीत तर सभा तिथेच संपेल. उलट सांगा की तो आराम फार चांगला, फक्त तो सव्वा महिना संपल्यावर एकदम तुटतो, तो थोडा पुढे न्या. दारं-खिडक्या बंद खोलीत तिला एकटीला ठेवू नका, संध्याकाळी वीस मिनिटं खाली फिरवून आणा. झोपेचा तो एक प्रश्न त्यांना शिकवा. "दोन आठवड्यांनंतरही रडतेय तर दवाखान्यात" हे एक वाक्य पाठ करून घ्या. आणि बोलण्यात "सुनेला समजून घ्या" असा सूर लावू नका, "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं सांगायला पुष्कळजणी तयार असतात, आणि एकीने सांगितलं की खोलीतली हवा बदलते.

सभेला मालिशवाल्या मावशींना आवर्जून बोलवा. बाळंतिणीला रोज, दार लावून, तासभर एकटीला भेटणारी घरात दुसरी कुणी नसते. तिला सगळं कळतं: कोण जेवत नाही, कोण बाळाकडे बघत नाही, कुणाच्या अंगावर वळ आहेत. तिला कुणी काही विचारत नाही एवढंच. तुमचा केंद्राचा क्रमांक तिच्या फोनमध्ये साठवून द्या आणि सांगा की नाव न सांगताही फोन केलात तरी आम्ही फेरी मारू.

डॉक्टरांना एवढंच विचारा की तीन महिने जागा आणि वेळ बदलून बघू द्याल का. आजचं रजिस्टर जसंच्या तसं ठेवा, खाडाखोड करू नका. तुलनेला तेच लागेल. तीन महिन्यांनी नावं झाकून दोन्ही पानं पाठवलीत तर मी बघून सांगेन.